पिंपळनेरची माय

हे मी आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही, मुलाला नाही, आणि सकाळी देवघरापुढे बसते तेव्हा देवालाही नाही. देवाला तर मुळीच नाही, कारण ती सगळी भानगड त्याच्याच शेजारी मांडलेली होती. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांमध्ये मी फार चांगली बाई आहे.

तसं पाहिलं तर वस्तू एवढीशी – चांदीचा एक टाक. देवघरात देवांचे असतात तसाच, पातळ पत्र्यावर ठोकून मूर्ती उमटवलेला. पण हा गळ्यात घालायचा, वर कडी असलेला. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, लांबट. त्यावर एक बाई उभी. दोन हात, कपाळावर कुंकवाचा उंचवटा, पदर डोक्यावरून. चेहरा झिजून गुळगुळीत झालेला, तरी हनुवटीवर बोट फिरवलं की खरखर लागायची. ती कसली, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. कळलं नसतं तर बरं झालं असतं – असं मी म्हणायची. आता म्हणत नाही.

माझी आई तो काळ्या दोऱ्यात ओवून पोलक्याच्या आत घालायची. आमचं घर धुळ्याला, वडील गिरणीत. मी एकुलती एक. आखाजीला, दिवाळीला वडील आईसाठी लुगडं आणायचे. आई ते घडीसकट मांडीवर घ्यायची, गळ्यातला टाक बाहेर काढायची, लुगडं त्याला टेकवायची, काहीतरी पुटपुटायची आणि मगच नेसायला उठायची. नव्या बांगड्यांचंही तेच. एकदा तर छत्रीसुद्धा टेकवली होती, त्यावरून मी हसून हसून लोळले होते. कोण गं ही, असं विचारलं की आई म्हणायची, माय आहे. एवढंच. आता सांगा, आईच्या गळ्यात चांदीची बाई असेल, आई नवं ते ते आधी तिला दाखवत असेल आणि तिला माय म्हणत असेल, तर पोरीने काय समजायचं? मी देवी समजले. त्यात माझी चूक नव्हती. माझी चूक पुढे आहे.

लग्न होऊन मी जळगावला आले. सासरचे मूळचे पहूरकडचे, केळीचे बागाईतदार. हे मात्र सरकारी नोकरीत, म्हणून बिऱ्हाड जळगावात, आणि बिऱ्हाडावर राज्य सासूबाईंचं. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही. अक्का वाईट नव्हत्या. तोंडाच्या होत्या. मला मूल होईना. एक वर्ष गेलं, दोन गेली, मग वर्षं मोजायचं आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं. आळीत कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण असलं की अक्का मला म्हणायच्या, तू घरी थांब, दूध तापतंय त्याकडे बघ. भर दुपारी कसलं दूध तापतंय? पण मी थांबायची. रिकाम्या शेगडीकडे बघत बसायची. हे मी सबब म्हणून सांगत नाही, खरंच नाही. पण त्या दुधाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला समजणार नाही.

मग आई गेली. वडील आधीच गेले होते. आईच्या घरात फक्त माझी म्हातारी आत्या उरली, वडिलांची बहीण. अंघोळ घालताना तिने आईच्या गळ्यातला टाक काढून घेतला आणि दिवस झाल्यावर, मी निघताना, माझ्या हातात ठेवला. “जपी ठेव,” म्हणाली. बाकी काही नाही. ती रडत होती, मी रडत होते, रिक्षावाला घाई करत होता.

जळगावला येऊन मी तो देवघरात ठेवला. अक्कांनी विचारलं, हे काय? म्हटलं, आईची देवी. अक्कांनी चिंच लावून तो लखलखीत घासला, गंध लावलं आणि अन्नपूर्णेच्या बाजूला बसवला. आणि काय सांगू – वर्ष उलटायच्या आत मला दिवस गेले. मुलगा झाला.

तुम्ही हसाल. डॉक्टरणीचे उपचार चालू होते, त्याचंही श्रेय असेल की नाही? अक्का म्हणाल्या, डॉक्टरीण गेली खड्ड्यात. देवी घरात आली आणि पाळणा हलला. आणि देवी कुणी आणली? सुनेने. एका रात्रीत मी घरात वरच्या पाटावर जाऊन बसले. ज्या बाईने मला रिकाम्या शेगडीपुढे बसवलं होतं ती मला शेक-शेगडी करायला लागली, खोबरं-खारकेचे लाडू भरवायला लागली. आळीत सांगत सुटली – आमची सून देवी घेऊन आली. शेजारच्या बायका शुक्रवारी हळदीकुंकवाला यायच्या, त्या आधी टाकापुढे डोकं टेकवायच्या आणि मग माझ्याकडे अशा बघायच्या, जसं मी काही करूनच दाखवलं होतं. मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

आता अक्कांना नवस फेडायचा होता. त्यांनी मनातल्या मनात नवस केला होता म्हणे, नातू झाला तर देवीच्या ठाण्यावर जाऊन ओटी भरेन. ठाणं कुठलं? “कोनती देवी आहे हे?” अक्का मला रोज विचारायच्या. “मले नवस फेडाचा आहे.” सप्तशृंगी म्हणावी तर तिला अठरा हात, हिला दोनच. वाहन नाही, शस्त्र नाही. धुळ्याची एकवीरा म्हणावी तर मी एकवीरेच्या देवळात लहानपणापासून गेलेली, ती अशी नाही. शेवटी ठरलं, की मी धुळ्याला जाऊन आत्याला विचारून यायचं.

मी बाळाला घेऊन गेले. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिच्यापुढे टाक धरला आणि म्हटलं, अक्का विचारताहेत ही कुठली देवी. आत्या माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“देवी? कसानी देवी वं! ती तुनी मायनी सवत शे. हिरकन.”

मला आधी समजलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं, शेंगा सोलाव्या तसं, एक एक. माझ्या वडिलांचं आईच्या आधी एक लग्न झालेलं होतं. पिंपळनेरची मुलगी, हिरकण नाव. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरी मुलगी झाली, ती तरी जगावी म्हणून जन्मताच तिला सुपात ठेवलं, नाव ठेवलं सुपडी. मुलगी जगली, पण हिरकण गेली. मग वडिलांनी माझ्या आईशी लग्न केलं. आमच्याकडे चाल अशी, की मेलेल्या पहिल्या बायकोचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा. तिचा मान आधी, आपला मागून – नवं काही आलं की आधी तिला द्यायचं, म्हणजे ती सुखाने राहते आणि दुसरीच्या संसाराला दृष्ट लावत नाही. हिरकणच्या भावानेच तो टाक धुळ्याला सोनारापुढे बसून घडवून घेतला होता. साचा ठोकून झाल्यावर त्याने सोनाराला थांबवलं, म्हणाला, माझ्या बहिणीच्या हनुवटीवर गोंदण होतं, तीन ठिपके, ते पाडा. सोनाराने ते टोच्याने पाडले. तीच ती खरखर.

आणि ती मुलगी, सुपडी? आत्याने शेंगांकडे बघत सांगितलं, मामाकडेच वाढली. तुझ्या बापाने आणली नाही. आणीन आणीन म्हणायचा. मग तू झालीस.

मी बाळाला छातीशी धरून बसले. आई आठवत होती मला, टाकाला लुगडं टेकवणारी. कधी कुरकुर नाही, कधी बोलली नाही. सवतीला माय म्हणत होती. मला त्या दिवशी आईचा फार अभिमान वाटला. वाटला ना? – मग मी परत जाऊन काय केलं?

परतीच्या बसमध्ये मी हाच विचार करत होते, की अक्कांना काय सांगायचं. अक्कांच्या पहूरकडे ही चाल नव्हती. तिथे सवतीसाठी फार तर एक मणी डोरल्यात ओवत. एक मेलेली परकी बाई, तीही सुनेच्या आईची सवत, इतके दिवस देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी बसून पूजा घेते आहे, आळीभरच्या लेकुरवाळ्या तिच्यापुढे पोरं लोळवताहेत – हे अक्कांना कळलं असतं तर? देवघर बाटलं म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आणि मी? मी पुन्हा शेगडीपुढे. हे सांगतानासुद्धा मला माझा राग येतो. मुलगा झाला होता की! आता मला कोण शेगडीपुढे बसवणार होतं? पण वरच्या पाटावर बसलेल्या माणसाला खाली उतरायची फार भीती वाटते.

घरी आल्यावर अक्कांनी पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. कोणती देवी, कळलं का? मी म्हणाले, पिंपळनेरकडची माय आहे. डोंगरातलं ठाणं आहे, आता तिथे वाट राहिलेली नाही, घरातच ओटी भरली तरी पोचते असं आत्या म्हणाली. इतकं सहज तोंडून निघालं, की मीच चकित झाले. पिंपळनेर खरं, माय खरं. मधला तेवढा भाग खोटा. अक्कांनी घरातच ओटी भरली. हिरवा खण, नारळ, पाच जणी जेवायला. तेव्हापासून आमच्या आळीत ती ‘पिंपळनेरची माय’ झाली.

पण इथे मी थांबले नाही. माझी लाज ही नाही. सासूला खोटं बोलणाऱ्या सुना काय थोड्या आहेत? एवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता.

पुढे काही वर्षांनी, आत्याही गेल्यावर, एके दिवशी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, पायांना बसस्टँडपासून चालत आल्याची धूळ. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. माझ्याकडे बघून हसली आणि माझं माहेरचं नाव घेऊन म्हणाली, तूच ना? मी तुझी बहीण, सुपडाबाई.

ती हसली तेव्हा तिच्या गालाला पडली ती माझ्या वडिलांची खळी होती. मला नाही मिळाली ती. तिला मिळाली.

अक्का आत झोपल्या होत्या. मी सुपडाबाईला ओसरीवरच बसवलं, पाणी दिलं. ती आली होती मुलीच्या लग्नाचं बस्तं बांधायला. सोबतचे लोक कापडबाजारात थांबले होते, ही विचारत विचारत माझ्याकडे आली. मामाने मरताना तिला सांगितलं होतं – तुझ्या मायचा टाक तुझ्या सावत्र आईच्या गळ्यात होता, हनुवटीवरचं गोंदणसुद्धा पाडून घेतलंय त्यावर. आता लग्नाच्या आधी घरचे टाक उजळायला द्यायचे होते. सगळे पूर्वज लग्नाला यायचे. तिची आई तेवढी नव्हती. तिचा फोटो नाही, वस्तू नाही. काहीच नाही.

“मी मना मायनं तोंड देखेल नही,” ती म्हणाली. “एक डाव दाखाड, बहीन. माले लई जानं नही. नुस्तं देखनं शे.”

बघा, तिने मागितला नाही. हक्क तिचाच होता, तरी मागितला नाही. नुसतं बघायचं होतं. देवघर माझ्या पाठीमागे, पडद्याच्या पलीकडे, चार पावलांवर. मी उठून तो आणला असता, तिच्या ओंजळीत ठेवला असता – किती वेळ लागला असता? अक्का उठायच्या आत परत ठेवताही आला असता. मी हा हिशोब पुढे हजारदा केला आहे. त्या वेळी मला एवढंच दिसलं, की हिने टाक पाहिला तर ही रडणार, हिच्या रडण्याने अक्का उठणार, आणि अक्का विचारणार, बाई का रडते?

मी म्हणाले, तो आईबरोबरच गेला. अंगावर होता, तसाच चितेवर ठेवला. आईची तशी इच्छा होती.

सुपडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, आता ही चिडेल, म्हणेल माझ्या आईची वस्तू जाळायचा तुम्हाला काय अधिकार? ती चिडली असती तर मला सोपं झालं असतं. पण तिने मान हलवली, आणि तिच्या तोंडावर एक समाधान आलं.

“बरं जयं,” म्हणाली. “दोन्ही सवती संगे गयात.”

मला तिच्याकडे बघवेना. चहा ठेवायच्या निमित्ताने मी आत गेले. आणि तेवढ्यात अक्का उठल्या.

थांबा. इथे मला जरा थांबू द्या.

मी चहाचं आधण ठेवून बाहेर येते तो अक्का आणि सुपडाबाई बोलत होत्या. सुपडाबाईने सांगितलं होतं, मी पिंपळनेरची. झालं! अक्कांना कोण आनंद. माझ्याकडे वळून म्हणाल्या, अगं, देवीच्या गावची माणसं! कोण ही तुझी? मी म्हणाले, आईच्या नात्यातली. सुपडाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं. अक्कांनी तिला हाताला धरूनच आत नेलं.

“तुमच्या गावची माय आमच्या घरी आहे, पाह्य.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. देवघर तसं अंधारं. टाकावर हळदीकुंकवाचा थर, अक्का रोज चढवायच्या तो. तोंड, हनुवटी सगळं त्याखाली. नुसता चांदीचा लांबट आकार आणि कुंकू. सुपडाबाई वाकून बघत होती. अक्का विचारत होत्या, हिचं ठाणं कुठल्या डोंगरावर आहे हो? सुपडाबाई भांबावली. पण पाहुणी आलेली बाई यजमानणीच्या देवीला नाही कसं म्हणेल? म्हणाली, असेल, आमच्याकडे डोंगरात पुष्कळ देव्या आहेत.

मग अक्कांनी सांगितलं, जागृत आहे, हिनेच आम्हाला नातू दिला. तुझ्या मुलीचं लग्न आहे ना, तिचं लुगडं असेल पिशवीत तर लावून घे देवीला.

सुपडाबाईने पिशवीतून नवरीचा शालू काढला. पिवळा, मोठ्या काठाचा. तो दोन्ही हातांवर धरला, गुडघ्यांवर बसली, आणि आपल्या आईला टेकवला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. आजीने नातीचा शालू पाहिला म्हणायचा का? मी पुढे तसं मनाला समजावून पाहिलं. नाही समजलं मन. कारण ती जे पुटपुटली ते मला ऐकू आलं होतं. ती देवीला म्हणत होती, मला तर आई नाही, माझ्या पोरीला तू सांभाळ.

मी तोंड उघडलं नाही. चहा उतू गेल्याचा वास आला तशी आत पळाले.

ती गेली. जाताना मला लग्नाचं आमंत्रण देऊन गेली. मी लग्नाला गेले नाही, मुलाच्या परीक्षेचं कारण कळवलं.

त्यानंतर अक्का होत्या तोवर मी स्वतःला सांगत राहिले, की अक्कांमुळे बोलता येत नाही. अक्का आहेत तोवर कसं सांगणार? म्हाताऱ्या बाईची श्रद्धा कशी मोडणार? फार चांगली सबब होती ती. टिकाऊ. मग अक्काही गेल्या. त्यांचं वर्षश्राद्ध झालं. आणि एक दिवस देव घासताना माझ्या लक्षात आलं, की आता माझ्यापाशी काहीच सबब उरलेली नाही.

मी टाक चिंचेने घासला. सगळं कुंकू गेलं, तीन ठिपके दिसायला लागले. नव्या खणात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि ह्यांना आत्याच्या घराच्या कागदांचं काहीतरी काम सांगून निघाले. धुळ्याला गाडी बदलली, साक्री गेलं, मग पिंपळनेर. वाटेत सगळं पाठ करत होते – सुपडाबाई, मी खोटं बोलले. सुपडाबाई, हा घे. पाय धरायचे असंही ठरवलं होतं. खरं सांगते, त्या दिवशी मी सांगायलाच गेले होते.

सुपडाबाईच्या घरी त्या दिवशी भरपूर माणसं. लग्न झालेली मुलगी बाळंतपण आटोपून सासरी निघाली होती, तिची सासू न्यायला आली होती. मला पाहून सुपडाबाईला कुठे ठेवू नि कुठे नको झालं. सगळ्यांना सांगत सुटली, मनी बहीन शे, जळगावनी. अंगणात चूल पेटली, खापरावरचे मांडे झाले माझ्यासाठी. मी म्हणत होते, मला तुझ्याशी जरा एकटीशी बोलायचंय. ती म्हणत होती, आधी जेव तर खरी.

जेवण झालं आणि ती मला देवाच्या कोनाड्यापाशी घेऊन गेली. मागोमाग तिची मुलगी, खांद्यावरचं पोर, मुलीची सासू. कोनाड्यात टाक ओळीने मांडलेले. त्यातला एक उचलून तिने माझ्या हातात दिला. नवा, चकचकीत. टपोऱ्या डोळ्यांची, नाकात नथ घातलेली, गोल चेहऱ्याची कुणीतरी बाई. सोनाराकडे तयार साच्यात असते तशी.

“हाई देख,” ती म्हणाली. “मनी माय.”

जळगावहून परतताना ती धुळ्याला उतरली होती. जुना टाक चितेवर गेला म्हणून मी सांगितलं होतं ना – मग नवा करायला हरकत नाही असं तिला वाटलं. सोनाराने साच्यातला ठोकून दिला. लेकीच्या लग्नात तोच पुजला. ती आता त्याच्याशी बोलते म्हणे, भाजी निवडताना. नातीचे डोळे अगदी पणजीचे, टाकावर आहेत तसे, असं घरातले सगळे म्हणतात. एवढंच एक तिच्या मनात राहिलं होतं. जुना टाक पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, म्हणून तिने मला विचारलं.

“जुना टाक आसाच व्हता ना?”

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पर्स माझ्या खांद्याला होती.

तुम्ही म्हणाल, आता खरं सांगून त्या बाईचं सुख कशाला मोडायचं? मीही बसमध्ये, परत येताना, स्वतःला हेच म्हणाले, की तिच्यासाठी गप्प बसले. ते खरं नाही. त्या क्षणी मला तिच्या सुखाची आठवणही नव्हती. मला मुलीची सासू दिसत होती. जळगावची शिकलेली, चष्मा लावणारी बहीण, जिला सुपडाबाईने आत्ताच सगळ्यांपुढे मिरवलं होतं, ती या परक्या बाईसमोर खोटारडी ठरणार होती. बस, एवढंच. अक्का मेल्या होत्या तरी दुसरी कुणाची तरी सासू मला पुरली.

मी म्हणाले, “हां. आसाच व्हता.”

माहेरच्या बोलीत. सासरी कधी बोलत नाही मी ती. आईच्या तोंडची बोली, तीच काढली खोटं बोलायला.

सुपडाबाईने टाक माझ्या हातून घेतला, कपाळाला लावला आणि लेकीला म्हणाली, देख, मी सांगे ना तुले. मग त्याच कोनाड्यापुढे पाट मांडून तिने माझी ओटी भरली. गहू, नारळ, खण. आई-बाप नसलेल्या बाईचं माहेर बहिणीकडे असतं, म्हणाली, वर्षातून एकदा तरी येत जा. मी पदर पसरून ओटी घेतली. स्टँडवर सोडायला ती स्वतः आली, पिशवी तिनेच धरली, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली.

मी पुन्हा गेले नाही. सुपडाबाई वारल्याचं पत्र तिच्या मुलीने पाठवलं, तेही दिवस झाल्यावर पोचलं.

तिने मला आयुष्यात एकच गोष्ट मागितली, आपल्या आईचं तोंड बघायची. दोनदा विचारलं तिने. दोन्ही वेळा ते माझ्यापाशी होतं. मी तिला दाखवलं नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडाला तिची आई म्हणून मान डोलावून आले.